दगड कोणी कापला?



बोपदेवाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. देवगिरीच्या यादवांच्या काळातला हा मोठा व्याकरणकार. पण लहानपणी म्हणे अगदी मठ्ठ होता. पाठांतर होईना, म्हणून गुरूचे घर सोडून निघाला. वाटेत एका विहिरीवर पाणी प्यायला थांबला. पाहतो तो काठाच्या दगडाला खोल खाचा पडलेल्या. पाणी भरणाऱ्या बायांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळा, रोज दोर घासतो ना, त्याच्या या खाचा." बोपदेवाच्या मनात आले, मऊ दोराने जर कठीण दगड झिजतो, तर रोजच्या अभ्यासाने माझी बुद्धी का उजळू नये? आणि तो परत फिरला.

गोष्ट घडलेली की रचलेली, या वादात मी शिरत नाही. तात्पर्य चांगले आहे, एवढे पुरे. पण मला आज एक वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. तो दगड खरोखर कापला कोणी? दोर तर काथ्याचा. दगडाशी त्याची काय बरोबरी? मऊ वस्तूने कठीण वस्तू कापावी हे कसे?

उत्तर सोपे आहे, आणि ते पुढच्या खेपेला विहिरीवर गेलात तर डोळ्यांनी पाहता येईल. ओला दोर काठावर पडतो, मातीत लोळतो. त्याला वाळूचे बारीक कण चिकटतात. ते कण दोराबरोबर खालीवर होतात आणि प्रत्येक फेरीला दगडावर ओरखडा काढतात. दगड कापला तो मुख्यतः या वाळूने. दोर होता नुसता वाहक, आपल्या भाषेत सांगायचे तर हमाल. मऊ दोराने ओझे वाहिले, काम केले ते कठीण कणाने.

माणसाने कठीण वस्तू कापण्याच्या ज्या युक्त्या शोधल्या, त्यांचा सारा इतिहास या एका वाक्यात मावतो. कण तोच राहिला. हमाल बदलत गेले. आधी हात, मग वारा, आणि आता पाणी. आज आपण पाण्यापर्यंत जाऊ. पण वाटेत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. प्रत्येक हमालाने आपली मजुरी घेतली आहे, आणि ती कधीकधी भलत्याच माणसाच्या पदरून गेली आहे.

प्रथम इजिप्तकडे वळू. तिथे गिझे येथे खूफू राजाचा मोठा पिरॅमिड आहे. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या आतल्या दालनात ग्रॅनाइटची एक शवपेटी आहे आणि तिच्यावर करवतीच्या खुणा स्पष्ट दिसतात. आता गंमत पाहा. त्या काळी इजिप्तच्या कारागिरांपाशी लोखंडी हत्यारे नव्हती. होते ते तांबे. आणि तांबे तर ग्रॅनाइटपुढे लोण्यासारखे! फ्रेडरिक मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पायरी लावून दिली. तीत हिरा दहावा, वाळूतला स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, सातवा. तांब्याला बसवायचे झाले तर तिसऱ्या पायरीवर बसेल. मग तिसऱ्याने सहाव्या-सातव्याला कापावे कसे?

फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिरॅमिडांची बारकाईने मोजणी केली. त्याला वाटले, करवतीच्या दात्यांत रत्ने बसवली असली पाहिजेत. पुढे इतरांनी म्हटले, रत्ने कशाला? तांब्याच्या पट्टीखाली सुटी वाळू टाकली की झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेनिस स्टॉक्स या संशोधकाने तांब्याच्या पट्ट्या घेऊन, वाळू टाकून, प्रत्यक्ष ग्रॅनाइट कापून दाखवला. काम फार सावकाश होते, तांबेही भराभर झिजते, पण दगड कापला जातो. म्हणजे पुन्हा विहिरीचीच गोष्ट. तांब्याची पट्टी म्हणजे दोर, आणि वाळू ती वाळूच.

आपल्याकडेही ही विद्या जुनी. गुजरातेत लोथल येथे सिंधू संस्कृतीच्या लोकांनी अकीक घासून, भोके पाडून मणी केले. जवळच खंभातला तो धंदा अजून चालू आहे. कापण्या-घासण्यासाठी आपल्या कारागिरांनी वाळूहून कठीण असा कुरुंद वापरला. चाकू-कात्र्यांना धार लावणारा जे चाक फिरवी, ते या कुरुंदाचेच. मोसच्या पायरीवर तो नववा, हिऱ्याच्या खालोखाल. माणिक आणि नीलम ही याच कुरुंदाची श्रीमंत भावंडे. इंग्रजीत या खनिजाला जे कोरंडम म्हणतात, ते नावसुद्धा दक्षिण भारतातल्या भाषांतून तिकडे गेले. माल आपला, नावही आपले.

हाताच्या कामाला मर्यादा होती ती वेळेची. एकेका पेटीला कितीएक दिवस लागत. तेव्हा माणसाने हाताच्या जागी निसर्गातली बळे जुंपायचे ठरवले. त्यात दोन बळे पुढे आली, पाणी आणि वारा.

पाण्याची गोष्ट आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. १८४८ साली तिथे सोने सापडले आणि जगभरची माणसे धावली. आरंभी नदीच्या पात्रात पाट्या धुवून सोने मिळे. ते सरले, तेव्हा डोंगराच्या पोटातल्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांकडे लक्ष गेले. १८५३ साली नेवाडा सिटी या गावाजवळ एडवर्ड मॅटिसन नावाच्या माणसाने एक युक्ती केली. उंचावरून पाणी आणले, जाड कापडाच्या नळीत सोडले, नळीच्या टोकाला निमुळती तोटी बसवली आणि ती धार डोंगरावर धरली. डोंगर ढासळू लागला! पुढे कापडी नळ्यांच्या जागी लोखंडी तोफा आल्या. तोफाच म्हणायच्या, फक्त गोळ्याऐवजी पाणी सुटे. मॅलाकॉफ येथे या धारांनी खणलेला खड्डा सुमारे दोन किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी पावणेदोनशे मीटरांहून खोल झाला.

पण शेतकरी मंडळींनी पुढचा भाग नीट ऐकावा. तो डोंगर गेला कुठे? सोने निघाले मूठभर. बाकीची माती, रेती, गोटे ओढ्यांतून युबा नदीत उतरले. नदीचा तळ वर वर येऊ लागला. पूर आला की पाणी शेतांत शिरे आणि ओसरताना मागे काळी माती न ठेवता नापीक गाळ ठेवून जाई. गव्हाची शेते, फळबागा त्याखाली गाडल्या गेल्या. मेरिसव्हिल गावाने बांध घातले, उंच केले, तरी १८७५ साली पूर बांध ओलांडून गावात आला. खाणवाल्यांचे म्हणणे असे की, आमच्या धंद्याने देश श्रीमंत होतो. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, तुमची श्रीमंती आमच्या शेतात येऊन पडते. अखेर वुड्रफ नावाच्या, मेरिसव्हिलला मालमत्ता असलेल्या गृहस्थाने दावा लावला, आणि १८८४ च्या जानेवारीत न्यायमूर्ती लॉरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला. खाणीचा गाळ नद्यांत सोडण्यास कायमची मनाई! पाण्याच्या बळावर चाललेल्या एका बलाढ्य धंद्याला शेतकऱ्यांनी कायद्याने लगाम घातला, असे हे इतिहासातले एक मोठे उदाहरण आहे.

आता वारा. बेंजामिन च्यू टिल्घमन हा फिलाडेल्फियाचा गृहस्थ, अमेरिकेच्या यादवी युद्धात सेनाधिकारी होता. वाऱ्याने उडालेल्या वाळूने खिडक्यांच्या काचा धुरकट होतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. १८७० साली त्याने पेटंट घेतले. वाफेच्या किंवा हवेच्या जोराने वाळूचा मारा करायचा. काचेवर नक्षी काढा, दगडावर अक्षरे कोरा, ओतीव लोखंडावरची खरपुडी काढा. दिवसांचे काम मिनिटांवर आले.

परंतु वाऱ्याने मजुरी घेतली ती कामगाराच्या छातीतून. वाळूचा कण आपटला की फुटतो. त्याची जी अतिबारीक धूळ होते ती डोळ्याला दिसत नाही, नाकात अडत नाही, थेट फुप्फुसात जाऊन बसते. तिथे व्रण धरतात, फुप्फुस घट्ट होत जाते, माणसाला दोन पावले चालून दम लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. पुष्कळदा क्षय समजून त्यावर उपचार होतात, आणि या रोग्याला क्षय जडण्याची भीतीही अधिक असते. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतकामावर वाळूचा मारा करण्यास बंदी घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात या रोगाची नोंद होती. इतके असूनही धडा शिकला गेला नाही. अगदी अलीकडे तुर्कस्तानात नव्या निळ्या विजारी जुन्या, विटक्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर वाळू मारीत. तरणीताठी पोरे सिलिकोसिसने मेली, तेव्हा २००९ साली तिथे त्याला बंदी झाली. विचार करा, एका विटक्या रंगाच्या हौसेपायी!

तर असा हिशोब झाला. नुसत्या मोकाट पाण्याने शेते बुडवली, आणि वाळू घेतलेल्या वाऱ्याने माणसे मारली. मग पाणी आणि वाळू यांची जोडी जमवली तर? आणि तीही मोकाट नव्हे, वेसण घालून?

ही वेसण घालण्याचे काम विसाव्या शतकात झाले. नॉर्मन फ्रान्झ हा लाकूडशास्त्राचा प्राध्यापक, आधी मिशिगन आणि नंतर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला. करवतीने लाकूड कापले की बराचसा भाग भुसा होऊन जातो, हे त्याला सलत होते. १९५० च्या दशकात त्याने पाण्याच्या स्तंभावर जड वजने टाकून ते पाणी अतिबारीक छिद्रातून बाहेर दवडले. क्षणभरच धार निघे, पण त्या धारेने लाकूड कापले जाई. पुढे सतत दाब देणारे पंप तयार झाले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी कागदाचे पुठ्ठे कापायला हे यंत्र कारखान्यात आले. ज्या लाकडासाठी हा खटाटोप, त्यापेक्षा कागद, कापड, रबर, खाद्यपदार्थ यांनाच ते अधिक मानवले. पोलाद, काच, दगड यांच्यापुढे मात्र नुसते पाणी हात टेकी.

उणीव होती ती कणाची. पण पाण्यात वाळू मिसळून ती पंपातून न्यावी, तर पंपच कापला जाईल! ही अडचण सोडवली मोहम्मद हशीश या अभियंत्याने. हा मूळचा इजिप्तचा, अलेक्झांड्रिया विद्यापीठात शिकलेला, पुढे अमेरिकेत सिएटलजवळच्या एका कंपनीत काम करू लागलेला. १९८० च्या सुमारास त्याने असे केले की पाणी आधी छिद्रातून बाहेर पडू द्यायचे आणि मग वाटेत त्याला वाळू द्यायची. भरधाव आगगाडी गेली की रुळांकडेचा पाचोळा तिच्यामागे ओढला जातो ना? तशीच ही वेगवान धार बाजूच्या नळीतली कोरडी वाळू आपल्याकडे ओढून घेते. मग दोघे मिळून एका अरुंद नळीतून बाहेर पडतात. १९८३ साली असे पहिले यंत्र मोटारींच्या काचा कापण्यासाठी विकले गेले. तांब्याच्या पट्टीखाली ज्या देशात वाळू टाकली गेली, त्याच देशाच्या मुलाने ती पाण्याच्या पाठीवर बसवली.

मी इतिहासाचा मास्तर. यंत्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु मागे माझा एक जुना विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा, आता कोल्हापूरकडे एका कारखान्यात आहे, तो मला मुद्दाम घेऊन गेला. म्हणाला, "सर, तुम्ही वर्गात विहिरीच्या दोराची गोष्ट सांगत होता. तो दोर आज दाखवतो." पाहिले तर एक मोठा हौद, काठोकाठ पाण्याने भरलेला. त्यावर पोलादाची अंगठ्याएवढी जाड पाटी. वर एक तोटी, आणि तिच्यातून दाभणासारखी बारीक पांढरी धार. कानाला दडे बसवणारा आवाज. थोड्या वेळाने त्याने कापलेला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी दचकून हात मागे घेणार होतो. गॅसने कापलेले लोखंड कसे तापलेले असते ते ठाऊक होते. पण तुकडा गार! नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखा.

मग त्याने आकडे सांगितले. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो असतो. या यंत्रातल्या पाण्याचा दाब सुमारे चार हजार किलो. जगातल्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी असतो त्याच्या साडेतीनपट. छिद्र केवढे? मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, आणि ते झिजू नये म्हणून माणिक, नीलम किंवा हिरा यांत पाडलेले. धारेचा वेग आवाजाच्या दुपटीहून अधिक. पाणी किती लागते? मिनिटाला तीनचार लिटर, म्हणजे घरची बादली भरायला चारपाच मिनिटे. आणि शक्ती पन्नास अश्वशक्तीची. आपल्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपासारखे दहा पंप, आणि ते मिळून एवढेसेच पाणी फेकतात! त्या पाण्याबरोबर मिनिटाला तीनचारशे ग्रॅम वाळू जाते. ही नदीची वाळू नव्हे. गार्नेट नावाच्या खनिजाची. नवरत्नांतला गोमेद याच कुळातला. तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत हे गार्नेट सापडते.

या धारेला आग नाही, म्हणून कापताना धातू तापत नाही आणि त्याचा गुण बदलत नाही. विमानांना लागणारे टायटॅनियम, कार्बनच्या धाग्यांचे पत्रे, जाड पोलाद, संगमरवर, काच, रबर, सगळे एकाच तोटीने कापता येते. नव्या मोठ्या विमानांच्या पंखांचे पत्रे या धारेने कातरले जातात. देवळांच्या आणि घरांच्या फरशीत रंगीत दगडांची जी वेलबुट्टी बसवतात, तिचे तुकडेही अशाच यंत्रावर निघतात. १९९० च्या दशकात संगणक जोडला गेला. जाड वस्तूत धार खाली पोचेपर्यंत थोडी मागे वाकते. तेव्हा वळणावर किती सावकाश जायचे, हे संगणक आपणच ठरवू लागला.

दोषही सांगितले पाहिजेत. पातळ पत्र्यात लेझर याहून भराभर कापतो. कडक करून घेतलेली सुरक्षा-काच या धारेखाली कापली न जाता चुरा होते. गार्नेटचा खर्च मोठा. धार-वाळू ज्या नळीतून जातात ती नळीही झिजते. पूर्वी ती काही तासांत निकामी होई, आता अधिक कठीण द्रव्याची केल्याने पुष्कळ टिकते. आणि तोटीखाली चुकून बोट गेले, तर ते गेलेच म्हणून समजा.

मला मात्र त्या कारखान्यात सर्वांत महत्त्वाचा वाटला तो खालचा हौद. पोलाद कापून खाली आलेली धार हौदातल्या पाण्यात शिरते आणि हातभर खोलीत तिचा जोर जिरतो. कापलेल्याचा भुगा, फुटलेले गार्नेट, सारे तळाशी बसते. हवेत धूळ नाही. मी विद्यार्थ्याला विचारले, "हा गाळ पुढे कुठे जातो?" तो हसला. म्हणाला, "सर, कॅलिफोर्नियाचा धडा तुम्हीच शिकवला होता. ओढ्यात सोडत नाही. गाळ वेगळा काढतो, पाणी पुन्हा वापरतो." मास्तराला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

आता तुम्ही म्हणाल, ही यंत्रे आमच्या गावात कुठली? खरे आहे. पण वाळूची धूळ आपल्या गावात आलेली आहे. फरशी, ग्रॅनाइट कापायला आता विजेचे फिरते चाक घरोघर येते. बांधकामावर पोरगा उकिडवा बसून कोरडी फरशी कापतो, पांढऱ्या धुळीच्या ढगात दिसेनासा होतो, तोंडाला फार तर रुमाल. त्या रुमालातून ती बारीक धूळ सरळ आत जाते. खडी फोडणारे, जाते-पाटे घडवणारे पाथरवट, खंभातचे अकीक घासणारे, सगळ्यांचे दुखणे एकच. त्यावर साधा उपाय म्हणजे पाणी. कापण्याच्या जागी पाण्याची बारीक धार सोडली की बहुतेक धूळ जागच्या जागी चिखल होऊन खाली पडते. त्यासाठी चाक मात्र पाणी घालून चालवण्याजोगे, विजेचा धक्का न बसेल असे हवे. आणि तोंडाला रुमाल नव्हे, धुळीसाठी केलेला खरा मुखवटा हवा. तुमच्या घरी काम चालले असेल तर कारागिराला एवढे सांगा. वेळ थोडा अधिक लागेल, अंगण चिखलेल. चिखल धुता येतो. फुप्फुस धुता येत नाही.

आणि शिक्षकबंधूंना, भगिनींना एक विनंती. बोपदेवाची गोष्ट सांगाल तेव्हा वर्गात एक विटेचा तुकडा आणि दोन हात सुतळी न्या. आधी ओली सुतळी विटेवर शंभर वेळा ओढू द्या. मग तीच सुतळी ओल्या वाळूत बुडवून शंभर वेळा. दोन खाचा शेजारी शेजारी ठेवून मुलांना दाखवा. वाळू ओली मात्र असू द्या. तिचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे. बोपदेवाला त्या खाचेत चिकाटी दिसली. आपल्या मुलांना चिकाटी दिसावीच, पण तिच्याबरोबर तो वाळूचा कणही दिसावा. आणि तो कण काम संपल्यावर कुठे जाऊन पडतो, हे विचारायची सवयही लागावी.